समूहगायनाचा कागद: आधी मात्रा मोजा, मग आकार ठरवा

श्रावण लागला की साताऱ्यात पोवई नाक्यावर आणि सांगलीत हरभट रोडच्या बाजूला झेरॉक्सच्या दुकानांत गाण्यांचे कागद घेऊन आलेली माणसं दिसू लागतात. कुणाला १५ ऑगस्टचं समूहगीत बसवायचं असतं, कुणाच्या भजनी मंडळाचा सप्ताह तोंडावर आलेला असतो. पुढे डिसेंबरात चर्चच्या गायकवृंदाची नाताळाची तयारी सुरू होते. चाल ठरलेली असते, पेटीवाले ठरलेले असतात, तालमीच्या वेळाही ठरलेल्या असतात. कागदाचं मात्र काउंटरवर उभ्या उभ्या ठरतं: "ए-४ वर काढा, चाळीस कॉपी."

मग तालमीत दोघी-तिघी कागद डोळ्यांजवळ नेतात, मागच्या रांगेतली मुलं शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून गातात आणि अंतऱ्याला पान उलटताना टाळ चुकतो. दोष गळ्याला लावला जातो. पुष्कळदा तो कागदाचा असतो. कागदाचा आकार ठरवायला दहा मिनिटं पुरतात. ती पहिल्या तालमीच्या आधी काढली, तर पुढच्या सगळ्या तालमी सोप्या जातात. ती दहा मिनिटं कशी वापरायची, ते इथे सांगतो.

हा वारसा इथलाच

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि त्या लिपीत गाण्याची पुस्तकं छापली. तोवर गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाणारं गाणं आता वर्गातल्या प्रत्येकाच्या हातातल्या पानावर आलं. पं. विष्णु नारायण भातखंड्यांनी दुसरी पद्धत रुळवली. आज शाळांत आणि संगीतवर्गांत मुख्यतः तीच चालते.

चर्चमधल्या गाण्याची वाट थोडी वेगळी आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अखेरच्या वर्षांत, १९१७ च्या सुमाराला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांची भजनं आणि गीतं 'उपासना संगीत'मधून आजही गायली जातात. तिथे अभंगाच्या चाली आणि पाश्चात्त्य चाली शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे एकाच गायकवृंदाला कधी सारेगमची लिपी लागते, तर कधी पाच रेघांची. दोन्हींच्या कागदाच्या गरजा वेगळ्या आहेत. आधी सारेगमचं पाहू.

पहिला प्रश्न: ओळीत मात्रा किती?

भातखंडे पद्धतीत पान म्हणजे रकाने असतात. एका मात्रेला एक रकाना, वर स्वर आणि खाली गीताचे शब्द. समेखाली समेची खूण, टाळीखाली आकडा, खालीला शून्य. अशा पानावर एक नियम कधी मोडू नये: एक आवर्तन एकाच ओळीत बसलं पाहिजे. तीनतालाच्या बारा मात्रा वरच्या ओळीत आणि चार खालच्या ओळीत गेल्या, की डोळ्याला सम सापडत नाही. मग गळाही चुकतो.

म्हणून आधी मात्रा मोजा. रकान्यात एक-दोन स्वर असतील तर रुंदी किमान १० मिलिमीटर ठेवा. एका मात्रेत, म्हणजे एका चंद्राखाली, तीन-चार स्वर असतील तर १५ मिलिमीटर लागतात. हिशेब बारा पॉइंटच्या अक्षराचा आहे. त्यात 'सा' साधारण ४ मिलिमीटर जागा घेतो.

आता कागदाकडे वळा. ए-४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. बांधणीकडे २० आणि बाहेर १५ समास सोडला, तर उभ्या पानावर १७५ मिलिमीटर उरतात. तीनतालाच्या १६ मात्रांना भागलं की रकाना जेमतेम ११ चा होतो. साधी बंदिश किंवा सरळ चालीचं समूहगीत यात बसेल, ताना बसणार नाहीत. तेच पान आडवं धरलं तर २६२ मिलिमीटर मिळतात, म्हणजे रकान्याला १६. तानांचा प्रश्न सुटला.

ए-५ म्हणजे ए-४ ची बरोबर अर्धी घडी, १४८ × २१०. उभ्या ए-५ वर १५ आणि १० चे समास सोडले की १२३ मिलिमीटर उरतात. त्यात १६ मात्रा कोंबल्या तर रकाना पावणेआठ मिलिमीटरांचा होतो आणि वाचता येत नाही. पण केरवा आणि भजनी ठेका ८ मात्रांचे, दादरा ६ चा, रूपक ७ चा. ८ मात्रांना या छोट्या पानावर सव्वापंधरा मिलिमीटर मिळतात, दादऱ्याला वीस. आपल्याकडची बहुतेक समूहगीतं, भजनं, स्फूर्तिगीतं याच ठेक्यांत आहेत. त्यांना उभं ए-५ छान पुरतं, कागद निम्मा लागतो आणि पुस्तिका लहान मुलांच्या हातात मावते. १० मात्रांच्या झपतालालाही इथे १२ मिलिमीटर मिळतात. बारा मात्रांच्या एकतालाला जेमतेम १०, त्यामुळे तिथे मोठ्या पानावर जा.

लक्षात ठेवायला थोडक्यात:

- ६ ते १० मात्रा, साधी चाल: उभं ए-५.
- १२ ते १६ मात्रा, साधी चाल: उभं ए-४ किंवा आडवं ए-५.
- १२ ते १६ मात्रा, एका मात्रेत तीन-चार स्वर: आडवं ए-४.

दुसरा प्रश्न: कागद कुठे असणार?

गाणारा कागद हातात धरणार की समोर ठेवणार, यावर अक्षराचा आकार ठरतो आणि त्यावरून पानाचा.

शाळेतली मुलं किंवा चर्चचा गायकवृंद उभा राहून हातात कागद धरतो. डोळ्यापासून अंतर साधारण ३५ ते ४० सेंटीमीटर. इथे शब्दांना १२ ते १४ पॉइंट आणि स्वरांना १२ पॉइंट पुरतात. सुटा ए-४ हातात वाकतो आणि तोंडासमोर येतो. मागची मुलं गायनमास्तरांना दिसत नाहीत आणि आवाजही कागदावर आदळतो. उभ्याने गाणाऱ्यांना ए-५ पुस्तिका द्या किंवा ए-४ द्यायचाच असेल तर पुठ्ठ्याच्या काळ्या फाइलमध्ये लावून द्या.

भजनी मंडळाचं अगदी वेगळं आहे. मंडळी बसलेली असतात आणि दोन्ही हातांत टाळ असतो. कागद जमिनीवर किंवा पोथीच्या ठवणीवर असतो, म्हणजे डोळ्यापासून ६० ते ७० सेंटीमीटरवर. अंतर पावणेदोनपट झालं की अक्षरही तितकंच वाढायला हवं. शब्दांना २० ते २२ पॉइंट ठेवा. बऱ्याच महिला भजनी मंडळांत पन्नाशी ओलांडलेल्या भगिनी असतात. जवळचा चष्मा लावला तर ठवणी धूसर दिसते आणि काढला तर अक्षर दिसत नाही. त्यांना मोठं अक्षर हीच मदत. इथे आडवं ए-४ किंवा दोघींत एक ए-३ (२९७ × ४२०) ठेवा. जुनी पोथीही आडव्या पानांचीच असते. बसून, मान किंचित झुकवून वाचायला ते पान सोयीचं पडतं. कोपऱ्यांवर वजन ठेवायला विसरू नका, पंखा चालू असतो.

पेटीवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, त्याला पान उलटता येत नाही. त्याच्यासाठी वेगळी प्रत काढा: ए-३ च्या मधोमध घडी घालून दोन ए-४ पानं समोरासमोर, फक्त आतल्या बाजूला छापलेली. गाणं दोन पानांत बसत नसेल, तर पान उलटायची जागा अंतरा संपून ध्रुवपद परत सुरू होतं तिथे आणा. ध्रुवपद त्याला पाठ असतं, तेवढ्यात तबलजी किंवा शेजारचा पान उलटून देईल.

बिंदू सांभाळा

आता एक बारीक गोष्ट. समूहगायनाच्या कागदावर सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो.

भातखंडे पद्धतीत तार सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर बिंदू असतो, मंद्र सप्तकातल्या स्वराच्या पायाशी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. ए-४ वरची १४ पॉइंटची स्वरलिपी झेरॉक्सवाल्याने ए-५ वर आणली की ती ७१ टक्के होते, म्हणजे १० पॉइंट. १२ ची असेल तर साडेआठ. त्या आकारात बिंदू टाचणीच्या टोकाएवढा उरतो. त्या प्रतीची पुन्हा प्रत, तिची आणखी एक प्रत काढली की तिसऱ्या पिढीत बिंदू गेलेला असतो. तार षड्ज मध्य षड्ज होतो आणि अर्धा वर्ग वर चढतो, अर्धा खालीच राहतो. कोमल गंधाराखालची रेघ पुसट झाली की गंधार शुद्ध होतो आणि भैरवीचा रंग जातो.

उलटही घडतं. ७० जीएसएमच्या पातळ कागदावर दोन्ही बाजूंना छापलं की मागच्या पानाची शाई पुढे दिसते. मागचा बिंदू पुढच्या स्वराच्या डोक्यावर येऊन बसला, तर नसलेला तार स्वर दिसू लागतो.

यावर चार उपाय आहेत:

- मूळ प्रत ज्या आकारात वाटायची, त्याच आकारात टाइप करा. लहान-मोठं करण्याचं काम झेरॉक्स मशीनवर सोडू नका.
- प्रत्येक प्रत मूळ फाइलवरून किंवा मूळ प्रतीवरून काढा, प्रतीची प्रत काढू नका.
- दोन्ही बाजूंना छापायचं असेल तर ८० जीएसएम किंवा त्याहून जाड कागद घ्या. प्रेसमधून काढत असाल तर मॅपलिथो मागा. किंचित पिवळसर मॅपलिथोवर रंगमंचाचा दिवा चमकत नाही.
- स्वरांची ओळ आणि शब्दांची ओळ यांत पुरेशी जागा सोडा. कोमल स्वराची रेघ, मंद्राचा बिंदू आणि चंद्र हे तिन्ही स्वराच्या खालीच येतात. त्यांत शब्दावरची वेलांटी किंवा रफार घुसला की काहीच कळत नाही.

चर्चचा गायकवृंद: पाच रेघांचं पान

सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार आवाजांची मांडणी पाच रेघांच्या लिपीत असते. इथे रुंदीपेक्षा उंचीचा प्रश्न मोठा. चार आवाज चार पट्ट्यांवर (पाच रेघांचा एक संच म्हणजे एक पट्टी), खाली ऑर्गन किंवा पियानोच्या दोन पट्ट्या आणि प्रत्येक आवाजाखाली शब्द. शब्द मराठी असतील तर वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून दोन पट्ट्यांमधलं अंतर इंग्रजी गीतापेक्षा जास्त ठेवावं लागतं. असं पान ए-५ वर आणण्याच्या फंदात पडू नका. ए-४ उभं घ्या आणि पानावर दोन किंवा तीनच ओळी बसवा. चार आवाज दोन पट्ट्यांवर एकत्र लिहिलेली साधी स्तोत्रं असतील, तर ए-५ चालेल.

परदेशातून आलेल्या प्रती बहुधा वेगळ्याच मापाच्या असतात. १९ व्या शतकात लंडनच्या नॉव्हेलो प्रकाशनाने स्वस्त आणि लहान आकाराच्या प्रती काढून मोठमोठी समूहगीतं सामान्य गायकांच्या हातात दिली. अमेरिकेत आज समूहगायनाची प्रत साधारण पावणेसात बाय साडेदहा इंचाची असते, म्हणजे १७१ × २६७ मिलिमीटर. ती ए-४ वर घ्यायची तर ११० टक्क्यांवर मोठी करा, बरोबर बसते आणि वाचायला सोपी होते.

अमेरिकेतल्या मराठी नातेवाइकाने किंवा मंडळाने फाइल पाठवली, तर कागदाचं माप आधी पाहा. तिकडचा लेटर कागद २१६ × २७९ मिलिमीटर, आपल्या ए-४ पेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड. जशीच्या तशी छापली तर कडेचे स्वर कापले जातात. अशी फाइल ए-४ वर बसवून म्हणजे 'फिट'वर टाकून काढा. घरी ए-४ साठीच केलेली फाइल मात्र 'ॲक्चुअल साइज'वर छापायची, नाहीतर मशीन ती उगाच लहान करतं.

फुलस्केप आणि लीगल टाळा

शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या कपाटात फुलस्केप किंवा लीगल कागद पडून असतो. तो वापरून टाकावा असं वाटणं साहजिक आहे. लीगल २१६ × ३५६ मिलिमीटर, ए-४ पेक्षा जवळजवळ ६ सेंटीमीटर लांब. तो ए-४ च्या फाइलमध्ये मावत नाही, हातात धरला की वरचा भाग मागे कलंडतो आणि ए-४ वर झेरॉक्स काढताना शेवटचं कडवं कापलं जातं. सगळं पान बसवायचं तर ८३ टक्क्यांवर आणावं लागतं. तो कागद हजेरीला वापरा, गाण्याला नको.

ए मालिकेतले कागद मात्र एकमेकांशी जुळतात. लांबी आणि रुंदीचं प्रमाण एकच असल्यामुळे ए-३ ची घडी ए-४ होते, ए-४ ची घडी ए-५. मोठं-लहान केलं तरी कडेला काही कापलं जात नाही आणि रिकामं राहत नाही.

पुस्तिका करायची असेल तर

आठ-दहा गाणी असतील तर सुटे कागद देऊ नका, दुसऱ्याच तालमीला गहाळ होतात. पुस्तिका करा आणि पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, कारण घडी घातलेल्या एका कागदाची चार पानं होतात. १६ पानांच्या ए-५ पुस्तिकेला ए-४ चे ४ कागद लागतात. ४० गायकांना १६० कागद, म्हणजे ५०० कागदांच्या रिमचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. ८० जीएसएमचा ए-४ कागद ५ ग्रॅमचा, म्हणून पुस्तिका २० ग्रॅमची होते. पहिली-दुसरीतलं मूलही ती तासभर धरेल.

मधोमध दोन पिना मारलेली, सेंटर पिनची पुस्तिका गाण्याला उत्तम, कारण ती सपाट उघडते. ठवणीवर किंवा स्टँडवर ठेवायची असेल तर स्पायरल करा. चिकटवलेली बांधणी नको. ती आपोआप मिटते आणि दाबून उघडली की पानं सुटतात. लॅमिनेशन फक्त कव्हरला. आतली पानं चकचकीत केली तर सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात दिवे पडले की अर्धं पान पांढरं दिसेल.

संस्थेचा गीतसंग्रह शेकड्यांनी काढायचा असेल तर ऑफसेट प्रेसकडे जा. तिथे मापाची भाषा बदलते. एक अष्टमांश डेमी म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. नुसत्या शब्दांच्या संग्रहाला हे माप योग्य. एक चतुर्थांश क्राऊन म्हणजे साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच. स्वरलिपीला मी हेच सुचवीन. समास सोडून जवळजवळ १५४ मिलिमीटर मिळतात, बारा मात्रा ऐसपैस बसतात आणि हातात ए-४ पेक्षा बरंच सुटसुटीत वाटतं. प्रेसवाल्याला मजकूर देताना फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की स्वरांच्या जागी भलतीच अक्षरं येतात आणि रकाने सरकतात.

छापण्याआधी हक्काचंही बघा. गीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं गीतावर कॉपीराइट असतो, संगीतकाराच्या चालीवरही तसाच. जुनी संतवाणी मोकळी आहे. अलीकडच्या कवीचं गीत विक्रीच्या संग्रहात घ्यायचं तर परवानगी घ्या आणि कवी-संगीतकारांची नावं प्रत्येक गाण्यावर छापा. 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ पासून राज्यगीत आहे आणि शाळाशाळांतून ते म्हटलं जातं. पण राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांचा आवाज, ही तीन नावं मुलांच्या कागदावर दिसली पाहिजेत. ए-५ च्या पानावर त्यासाठी एका ओळीची जागा नक्की निघते.

जतन

कृष्णाकाठच्या घरांनी आणि संस्थांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. गाण्याच्या प्रती तळाच्या कप्प्यात ठेवू नका. मूळ प्रत ३०० डीपीआयला स्कॅन करून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. साताऱ्याच्या पावसाळी दमटपणात कागद लहरतात, प्रिंटरमध्ये अडकतात. रिमचं वेष्टन कागद वापरायच्या वेळीच फोडा आणि उरलेला कागद पुन्हा गुंडाळून ठेवा.

एकच प्रत आधी

सगळा हिशेब केलात तरी चाळीस प्रती एकदम काढू नका. एक प्रत काढा आणि जिथे गायचं तिथे, त्याच उजेडात, वर्गातल्या सगळ्यात अधू नजरेच्या गायकाच्या हातात द्या. त्याला तार षड्जावरचा बिंदू आणि कोमल स्वराखालची रेघ बोटाने दाखवायला सांगा. मग मागच्या रांगेतून एक कडवं गायला लावा. तो न अडखळता गायला तर त्याच मापात सगळ्यांच्या प्रती काढा. अडखळला तर एक पायरी वर जा, ए-५ चं ए-४ करा किंवा उभ्याचं आडवं. थोडा कागद जास्त लागेल, पण वर्गातला प्रत्येक जण स्वतः वाचून गाईल.